थोरलीचं वजन

"पाणमांजरं ना? येऊ देत की! माझ्या तळ्याकडे वाकड्या नजरेनं बघायची त्यांची टाप नाही!"

मालक असं छातीवर हात मारून म्हणाले होते. कधीच्या काळी नाहीशी झालेली पाणमांजरं वन्यजीव खात्याने वरच्या नदीत पुन्हा आणून सोडली, तेव्हा. मालकांचा धंदा म्हणजे वडिलांच्या हातचं एक तळं. त्यात मालकांनी मासे वाढवायचे आणि हौशी लोकांनी पैसे भरून दिवसभर गळ टाकून बसायचं. मासा लागला की फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. या सगळ्या डोलाऱ्याचा एकच खांब होता. थोरली! तळ्यातली सगळ्यांत जुनी, भरल्या पोत्यासारखी कार्प जातीची मासळी. तिच्या नादाने माणसं कुठून कुठून यायची.

एका सकाळी थोरली काठावर पडलेली दिसली. पाणमांजराने गळ्याखालचा लुसलुशीत भाग तेवढा खाल्ला होता आणि बाकीची थोरली, नावडती भाजी ताटाच्या कडेला सारावी तशी टाकून दिली होती. मालक चिखलातच बसले. एवढा तगडा माणूस, पण मांडीवर मासा घेऊन रडला!

काठावरची चहाची टपरी सोडून बायको धावत आली. "अहो, सगळ्यांना सांगून टाका."

"वेड लागलंय? थोरली गेली म्हटल्यावर इथे कोण येईल? काय चिखल बघायला?"

त्यांनी शेडमागे खड्डा खणला, तिला पुरलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

रविवारी दातांचे डॉक्टर आले. लोकांच्या तोंडातून वाटेल ते उपटून काढणाऱ्या या माणसाला तळ्यातून मात्र कधी बोटभर मासळी काढता आली नव्हती. संध्याकाळी ते नाचतच टपरीवर आले.

"मालक! थोरली लागली होती! काय ती ताकद! फोटो काढणार तोच निसटली!"

मालकांना चहाचा ठसका लागला. आता बोलायचं काय? त्यांचं खोटं उघडं पाडावं तर आपलंच झाकलेलं उघडं पडणार!

"वा! नशीबवान आहात," ते कसंबसं म्हणाले.

हेडमास्तर निवृत्त झाले होते, पण दुसरा नंबर घ्यायची त्यांना सवय नव्हती. पुढच्या रविवारी थोरली त्यांना लागली. "अंगाने चांगलीच भरलीये हो! काय खायला घालता?"

मग काय, साथच पसरली! जिवंतपणी थोरली वर्षातून एखाद्याच्या गळाला लागायची, मेल्यावर दर रविवारी लागू लागली. आणि दर खेपेला तिचं वजन वाढत होतं!

पाणमांजरालाही तळं मानवलं होतं. रोज सकाळी दोन-चार अर्धवट मासे काठावर. गिऱ्हाईक यायच्या आत मालक ते गुपचूप बादलीत भरायचे आणि थोरलीच्या शेजारी पुरायचे. तळं डोळ्यांदेखत रिकामं होत चाललं, तेव्हा त्यांनी वन्यजीव खात्याच्या बाईंना गाठलं. भोवती कुंपण घालायचं म्हटलं तरी यांची परवानगी लागणार होती.

"रविवारी येते," बाई म्हणाल्या. "नुकसान डोळ्यांनी पाहते."

बाई आल्या. नेमके सगळे जमलेले. मालकांनी मनाचा हिय्या केला. "मॅडम, पाणमांजराने माझी थोरली खाल्ली!"

"काय बोलताय मालक?" डॉक्टर उडालेच. "परवाच तर माझ्या हातात होती!"

"आणि त्याआधी माझ्या!" हेडमास्तर.

"अहो, मी स्वतः पुरलंय तिला!"

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे आम्ही खोटं बोलतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मालकांनी फावडं उचललं आणि सरळ शेडमागे जाऊन खणायला लागले. घामाने निथळत त्यांनी सांगाडा वर काढला, बाईंसमोर ठेवला. डॉक्टर वाकून जबडा निरखू लागले.

"छे! ही थोरली? हिच्या दुप्पट आहे ती! दुप्पट कसली, अडीचपट! जबड्यातलं मला कळतं, मॅडम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नेहमीच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे. यांना आज खोटं पाडलं तर उद्या चहा कुणाला विकायचा?

"मला बाई माशांतलं काय कळतंय!" म्हणून ती कप विसळायला लागली.

मालकांच्या हातातलं फावडं गळून पडलं.

बाई मात्र भारावून गेल्या होत्या. "शेजारी पाणमांजर असून मासा वाढतोय! अहो, हे तर आदर्श तळं आहे! कुंपण कशाला हवं? उलट आम्ही अशीच जागा शोधत होतो."

पुढच्याच महिन्यात समारंभ झाला. पाणमांजराची नवी जोडी पिंजऱ्यातून आली. पिंजऱ्याचं दार उघडायचा मान मालकांना! "मालक, जरा हसा," फोटोवाला म्हणाला. मालक हसले. जोडीने इकडेतिकडे पाहिलं आणि पाण्यात सूर मारला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पांगापांग झाल्यावर हेडमास्तर एकटेच मागे रेंगाळले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मालक, खरं सांगा. थोरली गेली का हो?"

"गेली."

"मग मला लागली ती कोण?"

मालकांनी रोखून पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तळ्यात कुठेतरी खळबळलं, एक मासा हवेत उडाला आणि पुन्हा दिसला नाही.

"धाकटी असेल," मालक म्हणाले.

पुढच्या रविवारी दातांच्या डॉक्टरांना धाकटी लागली. थोरलीपेक्षा अंमळ जडच होती म्हणे!