रामटेकेकाकांची अचानक तपासणी

आमचे कुडव्यातले शेजारी रामटेकेकाका मोबाईल तुमच्या-आमच्यासारखा उघडत नाहीत, त्यावर धाड घालतात. फोन ओट्यावर ठेवायचा, त्याच्याकडे पाठ करून जास्वंदीला पाणी घालायचं, आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नाही असा चेहरा करायचा आणि एकदम वळून झडप घालायची. मग त्यातलं खरेदीचं अ‍ॅप उघडायचं. "सांगून चेकिंग केली त कोनी सापडत नाही, भाऊ," असं ते मला समजावतात.

काकांची सारी नोकरी लाल बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. आडवळणाच्या थांब्यावर झाडामागे उभं राहून बस अडवण्यात त्यांचा हातखंडा. सख्ख्या मेहुण्याकडूनही त्यांनी दंड वसूल केला होता, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायलाही गेले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भाजीवालीचा काटा तपासला, दूधवाल्याचं माप तपासलं, माझ्या स्कूटरच्या टायरमधली हवा तपासली. सारी गल्ली जेरीस आली.

शेवटी त्यांच्या मुलीनेच आम्हाला सोडवलं. शीतल पुण्याला एका खरेदीच्या अ‍ॅपच्या कंपनीत आहे. अ‍ॅप लोकांच्या हाती जाण्याआधी वापरून पाहायचं आणि त्यातल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. तिने ते कच्चं अ‍ॅप काकांच्या फोनवर चढवून दिलं आणि 'बाबा, याची तपासणी करा' म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाजीवाली हसतमुखाने गल्लीत शिरली.

त्या कच्च्या अ‍ॅपमधलं सगळंच लटकं. पैसे खोटे, मागवलेली वस्तू कधी येणार नाही. मी असतो तर फ्रीज, टीव्ही, सोफा सगळं मागवून मोकळा झालो असतो. काका मात्र कुकर घ्यायचा तरी आठवडाभर पाच कुकर न्याहाळत. मी हसलो, तर म्हणाले, "पैसे खोटे असले म्हनून काय झालं? भाव खरा पायजे." एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! अ‍ॅपवर 'आपली वस्तू उद्या पोहोचेल' असं आलं की दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसत. वस्तू येणार नाही हे त्यांनाही पक्कं ठाऊक. पण ती आली नाही, हे पाहायला कोणी घरी नको?

एकदा आडरानात अ‍ॅप कसं वागतं ते बघायला त्यांनी मला स्कूटर काढायला लावली आणि थेट चिचगडपर्यंत नेलं. तिथे एका मोहाच्या झाडाखाली त्यांनी बादली मागवली. पत्त्यात घराची खूण लिहायची जागा पुरेना. 'पाण्याच्या टाकीमागे, दारात म्हैस बांधलेली आहे ते घर' यातली म्हैस अर्धी कापली जात होती. आपल्याकडे म्हशीशिवाय घर सापडायचं कसं, या मुद्द्यावर ते परतीच्या वाटेवर देवरी येईपर्यंत बोलत होते.

चूक सापडली की ते शीतलला जुन्या सरकारी थाटात कळवत. 'पैसे भरा या नावाचे बटण दोनदा दाबले असता कामावर हजर आढळले नाही. सबब खुलासा मागवावा.' हे वाचून शीतलला काहीच बोध होत नसे. मग ती फोन करी, काका उभं राहून बटणाचा गुन्हा सांगत आणि दोघांचं चांगलं अर्धा तास चाले.

काकू होत्या तोवर पुण्याला फोन त्याच करायच्या. काका मागून 'बरी हाय काय विचार' एवढं सांगायचे. काकू गेल्या आणि मधला तो माणूसच राहिला नाही. कामाशिवाय पोरीला फोन करून बोलायचं काय, हे काकांना कधी जमलंच नाही. बसमध्येही त्यांनी कामाशिवाय कुणाशी बोलल्याचं ऐकिवात नाही.

परवा सकाळी चहाला गेलो होतो. शीतलने सोमवारी अ‍ॅप पुन्हा पाठवलं होतं आणि हे शेवटचंच, आता लोकांसाठी सुरू होणार, असंही कळवलं होतं. सहज मी फोन हातात घेतला आणि एक साडी मागवून पाहिली. पत्ता बदलून नवा टाकला, पण अ‍ॅप साडी जुन्याच पत्त्यावर पाठवायला निघालं. मी मोठ्या उत्साहाने काकांना दाखवलं. त्यांनी फोन काढून घेतला.

"मालूम हाय मले. सोमवारपासून."

"मग शीतलला सांगितलं काऊन नाही?"

काका कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "हे शेवटची चूक हाय, भाऊ. हेही देऊन टाकली, त मंग पोरगी फोन कायले करन?"

पण ही चूक तशीच लोकांपर्यंत गेली, तर बोलणी शीतललाच बसणार होती, आणि ते न सांगताही त्यांना कळत होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि चक्क स्वतःहून फोन लावला. आवाज मोठा ठेवायची सवय, त्यामुळे मलाही सारं ऐकू येत होतं. पत्त्याची चूक सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "बेटा, हे आज नाही सापडलं. मीच दाबून ठेवलं होतं."

मग पलीकडून शीतलनेही कबुली दिली.

"बाबा, ते अ‍ॅप त कवाचंच सुरू झालं. लोकं वापरून राहिले. तुम्हाले मी जुनंच पाठवून राहिली होती, चुका असलेलं. तेही आता संपलं, म्हनून शेवटचं म्हनलं. सोमवारपासून तुमच्या रिपोर्टची वाट पाहून राहिली. नाही आला, म्हनून जीव घाबरला माझा."

काका मटकन खुर्चीत बसले. गळ्यातल्या दुपट्ट्याने त्यांनी डोळे पुसले, माझ्यासमोर, अगदी उघडपणे. मग त्यांनी घसा साफ केला आणि एवढ्या वर्षांत प्रथमच विचारलं, "जेवाले भाजी कायची केली, बेटा?"

तिकडून लांबलचक उत्तर सुरू झालं. मी हळूच चप्पल घातली आणि बाहेर पडलो.