दोन माणसांपुरतं

निवृत्त होऊन आठवडा उलटला नाही तोच आचारीबुवांना स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघरात बंदी झाली. बंदी बायकोनं घातली होती आणि ती रास्त होती, हे शेजारच्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं. ज्या माणसानं उभी हयात वसतिगृहाच्या मेसमध्ये दोनशे पोरांना दोन वेळ जेवू घातलं, तो घरी चहा करायला उभा राहिला की घरातलं सगळं दूध संपायचं. पहिल्या दिवशीचा चहा बादलीत ओतून ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी “जरा बटाटे सोलतो” म्हणून ते बसले आणि महिन्याचे बटाटे सोलूनच उठले. तिसऱ्या दिवशी बायकोनं स्वयंपाकघराच्या दारात स्टूल आडवं टाकलं.

“दोन माणसांचं जेवण करता येईल तेव्हा या इकडे,” ती म्हणाली. “तोवर बाहेर पेपर वाचत बसा.”

“अगं, दोनशेंचं करणाऱ्याला दोघांचं काय अवघड?”

“तेच तर म्हणते मी. समुद्र पोहून आलेल्या माणसाला तांब्यानं आंघोळ कशी करायची ते शिकवायची वेळ आलीय माझ्यावर.”

पेपर वाचून झाला की आचारीबुवा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहत. आपल्या हातांना आता काही काम नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. पण ती सांगायची कुणाला? बायकोला सांगावं तर ती म्हणणार, दोघांचं करा. आणि तिथंच तर घोडं अडलं होतं.

त्यांचा जावई वजनकाटे तपासायच्या खात्यात होता. दिवसभर दुकानादुकानांतले काटे तपासून तो स्वतःही काट्यासारखाच झाला होता, ना इकडे ना तिकडे. त्याला शौक एकच. वर्षातून एकदा मोटरसायकलला तंबू बांधून तो कुठल्यातरी तळ्याकाठी जायचा, नुसत्या बिस्किटांवर दिवस काढायचा आणि वाळून परत यायचा.

“बाबा, यंदा माझ्याबरोबर चला,” एक दिवस तो म्हणाला. “बिस्किटं खाऊन खाऊन जीव विटला. तुम्ही रांधा, भांडी मी घासतो.”

आचारीबुवांचे डोळे लकाकले. बायकोचेही लकाकले, पण ते वेगळ्या कारणानं.

“जावईबापू, तुम्ही साक्षीदार,” ती म्हणाली. “यांनी दोघांचं जेवण नीट केलं, तर परत आल्यावर स्वयंपाकघर यांना मोकळं. नाही जमलं, तर पेपर. आणि मला खरं काय ते सांगायचं.”

जावई खोटं बोलू शकत नसे. त्याच्या नोकरीत ते बसतच नव्हतं.

सामान बायकोनं स्वतः बांधून दिलं. चार बटाटे, दोन कांदे, दोन टोमॅटो, मूठभर घेवड्याचे दाणे आणि एक पाव. सामानच बेताचं दिलं की नवऱ्याला बिघडवायला वाव राहणार नाही, असा तिचा हिशोब होता. मीठ-मसाल्याचं मात्र ती विसरली आणि आचारीबुवा विसरले नाहीत. त्यांनी मिठाची अख्खी पिशवी आणि लाल तिखटाची अख्खी पिशवी आपल्या हातानं सामानात कोंबली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. वर मेसमधला लांब दांड्याचा डावही त्यांनी बरोबर घेतला. तो पिशवीत मावेना, म्हणून मोटरसायकलच्या कडेला आडवा बांधला. वाटेत पुढे जायला बघणारा प्रत्येक गाडीवाला त्या डावाला बिचकून मागेच राहिला.

तळ्याकाठच्या त्या तळावर आणखीही तंबू होते. शेजारच्या तंबूत एक नर्सबाई आणि तिचा नवरा उतरले होते. पलीकडच्या झाडाखाली पोस्टमन मंडळींचा मोठा जथा होता, सगळे मोटरसायकलवर आलेले. जावयानं तंबू उभारला आणि पिशवीतून आपली शेगडी काढली. ती होती तळहाताएवढी. तिच्यावरचं पातेलं पाहून आचारीबुवांनी विचारलं, “हे झाकण झालं. भांडं कुठाय?”

“हेच भांडं, बाबा.”

आचारीबुवा बसले आणि पोटाशी पाय घेऊन कांदा चिरू लागले. चिरला मात्र असा, की जावई बघतच राहिला. कांदा परतला, टोमॅटो पडला, दाणे आणि बटाटे गेले, रस्सा रटरटायला लागला. सगळं अगदी दोन माणसांपुरतं. आचारीबुवांना स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढ्यात शेजारून नर्सबाई म्हणाली, “काका, काय वास सुटलाय हो! आमचा तर स्टोव्हच पेटत नाहीये.”

आचारीबुवांनी मान वळवली आणि तिथंच घात झाला. मेसमध्ये मीठ घालताना त्यांनी कधी भांड्याकडे पाहिलं नव्हतं. मान दाराकडे, तोंडानं कुणावर तरी ओरडणं चालू आणि हात आपला आपण मीठ टाकून मोकळा, अशी त्यांची कायमची रीत. “पिन मारून बघा स्टोव्हला!” असं ते नर्सबाईला सांगत होते, तेवढ्यात हात मिठाच्या पिशवीत गेला, मूठ भरून बाहेर आला आणि पातेल्यात रिकामा झाला. जित्याची खोड!

जावयानं चमच्यानं चव घेतली. कायम मधोमध असणारा त्याचा चेहरा पहिल्यांदाच एका बाजूला झुकला.

“कसं झालंय?”

“बाबा, दोनशेंना पुरेल.”

“रस्सा?”

“मीठ.”

आचारीबुवांचं तोंड उतरलं. बायको, स्टूल, पेपर, सगळं डोळ्यांपुढे आलं. जावई समजुतीनं म्हणाला, “ओतून टाकू. माझ्याकडे बिस्किटं आहेत.”

“अन्न ओतायचं नाही,” आचारीबुवा ताठ झाले. “मीठ जास्त झालं, तर मिठाला साजेसं अन्न वाढवायचं.”

हे तत्त्व ऐकायला फार छान आहे. त्याच्यामागून पुढे काय काय येतं, ते जावयाला तेव्हा कळलं नाही.

आधी पाणी वाढवलं. पातेलं भरून वाहिलं आणि शेगडी विझली. मग नर्सबाईकडचं मोठं पातेलं आणि तिचे बटाटे मागावे लागले. ती म्हणाली, “खुशाल घ्या, पण आमचंही त्यातच होऊ द्या.” आता नाही कोण म्हणणार? बटाटे पडले, मीठ जरा नरमलं, पण रस्सा फिकट दिसू लागला. आचारीबुवांनी तिखटाची पिशवी उघडली. या खेपेला मान वळवायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं आणि त्यांनी ती वळवलीही नाही. भांड्याकडे डोळे लावून, पूर्ण शुद्धीत, त्यांनी मूठभर तिखट टाकलं. हाताला लहान माप माहीतच नव्हतं, त्याला डोळे तरी काय करणार?

“आता तिखटसुद्धा दोनशेंना,” जावयानं डोळे पुसत नोंदवलं.

तिखटावर उतारा टोमॅटोचा. टोमॅटो होते पोस्टमन मंडळींकडे. त्यांच्याकडे टोमॅटोची करंडी होती, कांद्यांचं पोतं होतं, ढीगभर पाव होते आणि आंघोळीला बसता येईल एवढं पातेलं होतं. नव्हता तो फक्त स्वयंपाक करणारा. स्वयंपाक दुसरा कुणीतरी करील, असं त्यातल्या प्रत्येकाला घरून निघतानाच वाटलं होतं. सगळे भुकेनं काळवंडून एकमेकांकडे बघत बसले होते. आचारीबुवा समोर आलेले पाहून त्यांनी पातेलं उचलूनच दिलं.

एवढं थोरलं पातेलं शेगडीवर कुठलं बसायला! तीन दगड मांडून लाकडं लावली, तोच तळाचा रखवालदार काठी आपटत आला.

“इथं चूल पेटवायला बंदी आहे. पाटी वाचता येत नाही का?” असं म्हणता म्हणता त्यानं नाक वर केलं, जरा थांबला आणि आवाज खाली आणला. “चूल माझ्या खोलीमागं आहे. लाकडंही आहेत. आमच्या घरची माणसं पाच.”

जावई घाईघाईनं सासऱ्यांच्या कानाशी लागला. “बाबा, आपण दोघांचं करत होतो. आईंना मी काय सांगू?”

“दोघांचंच करतोय. जरा पसरलंय इतकंच. तुम्ही आधी तो कांदा घ्या.”

चुलीसमोर उभे राहिल्यावर आचारीबुवा बदललेच. पाठ सरळ झाली. आवाज असा सुटला, की पोस्टमन पळत पाणी आणू लागले. नर्सबाई टोमॅटो चिरायला बसली आणि तिच्या नवऱ्याला पाव कापायला लावलं. लांब दांड्याचा डाव पातेल्यात फिरू लागला. त्यांनी मान वळवून कुणाला तरी “अरे, लाकूड मागं ओढ!” म्हणून दटावलं आणि न बघता आणखी मूठभर तिखट टाकलं. जावयानं डोळे मिटून चव घेतली. मग डोळे उघडले आणि परत घेतली. काटा बरोबर मधोमध आला होता. सासऱ्यांना इतकं सुखात त्यानं आजवर पाहिलं नव्हतं आणि त्याला स्वतःलाही फार बरं वाटलं. काळजी तेवढी राहिली.

दिवस मावळायच्या आत सगळा तळ रांगेत जेवायला बसला. आचारीबुवा स्वतः वाढत होते. लोक मागत होते आणि ते देत होते. रखवालदाराची म्हातारी आई तर तिसऱ्यांदा रस्सा मागून बसली.

“बाबा, हात जरा आखडता घ्या,” जावई पातेल्यात डोकावत म्हणाला. “आपल्याला उरायचं नाही.”

“आचारी शेवटी जेवतो,” एवढंच उत्तर मिळालं.

शेवटचा माणूस ढेकर देऊन उठला तेव्हा जावयानं परत पातेल्यात पाहिलं. आचारीबुवांनी पातेलं तिरकं केलं, एक डाव त्याच्या ताटलीत घातला, एक आपल्या. पातेलं स्वच्छ झालं. जावयाला राहवेना. त्यानं दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी धरल्या आणि एक डोळा मिटून पाहिलं. तसूभर फरक नव्हता.

“बाबा, हे नेमकं दोघांचं आहे!”

“असणारच. मेसमध्ये सगळे उठून गेले, की मी आणि भांडी घासणारा, दोघंच मागे राहायचो. इतक्या वर्षांत कधी त्याला कमी पडलं नाही आणि कधी टाकावं लागलं नाही.” मग पाव मोडता मोडता ते म्हणाले, “दोघांचं मला येतं हो. फक्त आधी बाकीच्यांना वाढून व्हावं लागतं.”

जावयानं ताटली चाटूनपुसून खाल्ली. पुढे ते आंघोळीचं पातेलं घासताना मात्र, भांडी घासतो म्हणून आपण कबूल का झालो, याचा त्यानं बराच विचार केला.

घरी पोचल्यावर बायकोनं दोघांना समोर बसवलं.

“जावईबापू, खरं सांगा. दोघांचं जमलं?”

“जमलं, आई. अगदी मापात. मी स्वतः तपासलं.”

“शाब्बास! आणि?”

“आणि... त्याच्याआधी एक तळभर माणसं जेवली.”

मग त्यानं सगळं सांगितलं. मिठापासून म्हातारीपर्यंत, काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही. आचारीबुवा मुकाट्यानं पेपर शोधू लागले. बायको नवऱ्याकडे बघत होती. तळ्यावरून आलेला हा माणूस उन्हानं रापला होता, खांद्यात ताठ होता आणि मांडीवरचे हात काही केल्या स्वस्थ राहत नव्हते. लग्न झालं तेव्हाही तो असाच होता, हे तिला इतक्या दिवसांत आठवलंच नव्हतं.

ती उठली आणि तरातरा जिन्यात गेली. समोरच्या दाराची बेल वाजली, मग वरच्या मजल्यावरची, मग खालची. आचारीबुवा घाबरून दारापर्यंत गेले.

“आज सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं,” ती शेजारणीला सांगत होती. “येताना तुमचं मोठं पातेलं घेऊन या.”

“अगंबाई! काय विशेष?”

“विशेष कसलं? आम्हा दोघांना जेवायचंय.”