कापून ठेवलेलं हसू

आमच्या कॉलेजात व्याख्यान चालू असताना शिंक आली, तर आधी वाघचौरे सरांकडे बघावं लागतं. सर कायदा शिकवतात आणि आमची व्याख्यानं ऐकवणाऱ्या कॉलेजच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंगही तेच सांभाळतात. शिंकणाऱ्याला ते "बरं नाही का?" असं विचारत नाहीत. "लेखी संमती दिलीय का?" असं विचारतात. दिली नसेल, तर शिंक कापली जाते.

एकदा इतिहास शिकवताना मी जुन्या सिनेमातल्या गाण्याच्या दोन ओळी गुणगुणले. पॉडकास्टवर तिथे चक्क शांतता!

"अहो, गुणगुणलेच फक्त!"

"वर्गात चालतं. जगाला ऐकवायचं तर गाण्याच्या मालकाची परवानगी लागते. सुरात असतं, तर एकवेळ मागायला गेलोही असतो."

पण परवा त्यांनी कहर केला. निवृत्तीआधीचं माझं शेवटचं व्याख्यान होतं. मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला, अख्खा वर्ग खो-खो हसला. संमतीच्या कागदावर सही मात्र एकाही कार्ट्याने केली नव्हती. पॉडकास्ट लावलं, तर मी एकटीच भिंतीशी बोलतेय! डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर शिकवून हेच हाती लागायचं होतं? फोन केला, तर सर म्हणतात, "कापलेलं पुसून टाकलं. नियम आहे."

तणतणत त्यांच्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर गेले. दार लोटलं आणि जागीच थिजले. सर एकटे डबा खात बसले होते आणि कॉम्प्युटरवर माझा अख्खा वर्ग हसत होता.

"सर! बिनसंमतीचं? तुम्ही?"

त्यांचा घास हातातच राहिला.

"बाहेर कुठे जात नाही हो हे. कसब्यातल्या घरी आता मी एकटाच. इथेही एकटाच. जेवताना जरा लावतो." मग डावा हात माऊसकडे गेला. "चूकच आहे. पुसतो."

"खबरदार पुसलंत तर!" मी ओरडलेच. खुर्ची ओढून बसले. "पहिल्यापासून लावा."

त्या हसण्यात एक जाडाभरडा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. असं हसणारं पोर माझ्या वर्गात नव्हतं.

"हा कोण हो?"

"मी. मागे उभा होतो."

"मग पॉडकास्टवर स्वतःचं तरी ठेवायचं!"

"कसं ठेवणार?" सर डब्यात बघत म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."