काला अंबचा तेविसावा

"ऑटोवर फोटो काढणं म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास गिळणं! मी मॅन्युअलवर काढणार," असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. "तीनच तर गोष्टी असतात. भिंगामागचं भोक किती मोठं ठेवायचं, किती वेळ उघडं ठेवायचं आणि उजेड टिपायची ताकद, म्हणजे आयएसओ, किती. बस्स!"

"अहो, तुम्हाला अजून गीझर लावता येत नाही," आमची वीणा म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. राजधानीतल्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीतल्या कुंड्या आठवडाभर टिपून माझा हात बसला होता. कुंड्या हलत नाहीत, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब. वय ब्याऐंशी, आवाज असा की समोरच्याच्या बशीतला चहा थरथरावा. त्यांचे पूर्वज पानिपतावर गेले ते परतलेच नाहीत. म्हणून गेली तीस वर्षं ते दर संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकाला मंडळाची बस नेतात. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, त्यामुळे ही त्यांची शेवटची खेप. मंडळाच्या हॉलमध्ये लावायला एक फोटो हवा होता.

"गुणवंत, एकच काढ. पण नीट काढ," ते म्हणाले.

सकाळी सातला काला अंब धुक्यात बुडालेलं. मी ट्रायपॉड लावला. सगळे स्पष्ट यावेत म्हणून भोक अगदी बारीक केलं. मग उजेड पुरेना, म्हणून वेळ वाढवत गेलो. चार सेकंद! सेल्फ-टायमर दहा सेकंदांचा. बावीस जणांना स्तंभापुढे बसवलं आणि ओरडलो, "कुणी हलायचं नाही! श्वाससुद्धा बेताने!"

बटण दाबलं आणि धावलो. वीणाने माझ्या डोक्याला मफलर गुंडाळला होता, अंगावर तिची शाल, कमरेला ट्रायपॉडची रिकामी लांब पिशवी. दवाने भिजलेल्या गवतावर पाय सटकला. सावरून अण्णासाहेबांच्या मागे पोचायला चार पावलं राहिली, तोच क्लिक!

'गेला फोटो, मी राहिलोच,' म्हणून कपाळावर हात मारून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. समोर आणखी एक क्लिक झालं, तिकडे कोण लक्ष देतो!

"अण्णासाहेब, मी राहिलो. अजून एक..."

"साहब, चलो यार! कोहरा बढ़ रहा है!" ड्रायव्हर ओरडला. झालं, सगळे बसकडे पळाले. मी बसमध्येच फोटो न बघता ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी फोन वाजला. अण्णासाहेब! आवाज कधी नव्हे तो हळू.

"गुणवंत, माझ्या मागे उभे आहेत ते कोण?"

मी फोटो उघडला. बावीस माणसं लख्ख. त्यांच्या मागे तेविसावा. डोक्याला मुंडासं, अंगावर शेला, कमरेला तलवार, हात कपाळाला. आणि त्याच्या छातीतून स्मारकाचा स्तंभ आरपार दिसत होता!

त्यानंतर आठ दिवस मी बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळ केली. कॅमेरा कपाटात कोंडला आणि कपाटाला खुर्ची टेकवली. त्यात मंडळातल्या कुमुदमावशींचा फोन, "मला तेव्हा मानेवर गार श्वास जाणवला होता हो!" मी वीणाचा पदर धरून स्वयंपाकघरात जायला लागलो.

"बिल्कुल लहान मूल झालात," ती म्हणाली. पण देवापुढे दिवा तीही दोनदा लावत होती.

अण्णासाहेब मात्र घाबरले नव्हते. ते रडले होते. "इतकी वर्षं जातोय. शेवटच्या खेपेला आमचे भेटले," असं ते प्रत्येकाला सांगत होते.

रविवारी हॉलमध्ये तीन फुटी फोटोचं अनावरण झालं. सगळे हात जोडून उभे. मी डोळे किलकिले करून, वीणाला पुढे करून उभा. तेवढ्यात तिने मला चिमटा काढला.

"अहो, तलवारीला चेन आहे."

"काय?"

"चेन! आणि ते मुंडासं मी विणलंय. उलटा टाका चुकलाय, तो दिसतोय बघा."

पहिल्या क्लिकला फोटो सुरू होतो आणि दुसऱ्याला संपतो, हा मॅन्युअलचा धडा मला तिथे, त्या क्षणी समजला! चार सेकंदांतले शेवटचे दोन मी उभा होतो. म्हणून अर्धाच आलो होतो. भुताची भीती गेली आणि तिच्या दुप्पट भीती अण्णासाहेबांची बसली. सांगावं? मी तोंड उघडलं. अण्णासाहेब फोटोकडे बघत होते. मी तोंड मिटलं.

"हार गुणवंत घालेल," ते म्हणाले. "हे दर्शन त्याने घडवलं."

मी स्वतःला झेंडूचा हार घातला. मागे वीणा पदर तोंडात कोंबून हुंदके दिल्यासारखी हलत होती. बायकांनी तिला धीर दिला.

अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरलेले.

"एकाच गोष्टीची हळहळ वाटते रे, गुणवंत. सगळे आले फोटोत. तू तेवढा राहिलास."