घराण्याचं प्लेड

पुरुषोत्तम दातारांना इंग्रजी कळत नाही, असं म्हणायची लंडनच्या एजवेअरमध्ये कुणाची छाती नव्हती! चाळीस वर्षं बस कंपनीच्या ऑफिसात गोऱ्या लोकांची तक्रारपत्रं वाचलेला माणूस! त्यामुळे नात दियाच्या लग्नाआधी नवऱ्या मुलाच्या आजींचा, मोरॅगबाईंचा, एडिनबराहून फोन आला, तेव्हा त्यांनी तो ऐटीत स्वतःच घेतला.

मोरॅगबाईंचं स्कॉटिश इंग्रजी म्हणजे तोंडात गरम बटाटावडा धरून म्हटलेली मंगलाष्टकं! तरी एक गोष्ट दातारांना लख्ख ऐकू आली. लग्नात दोन्हीकडून हवं होतं, "फॅमिलीचं स्वतःचं प्लेड!"

"प्लेड म्हणजे वाजवलेलं," त्यांनी सुनेला, रश्मीला, समजावलं. "त्यांच्याकडून बॅगपाइप वाजणार. मग आपल्याही घराण्याचं काहीतरी वाजायला नको?"

"बाबा, आपलं कुठलं घराणं?"

"माझी पेटी आहे ना!"

"एकदा दियाला विचारू या का?"

"परवा जन्मलेल्या पोरीला मी इंग्रजी विचारू?"

लॉफ्टमधून पेटी खाली आली. दहा दिवस सराव झाला. शेजारच्या कुत्र्यानं न सांगता वरचा सूर लावला. मग ते पंधरा किलोचं धूड मांडीवर घेऊन दातार एडिनबराच्या ट्रेनमध्ये बसले. पाय बधिर झाले, पण चेहऱ्यावर तेज!

न्यूकासल गेल्यावर रश्मीनं लग्नाच्या कार्यक्रमाची ईमेल उघडली आणि किंचाळली.

"बाबा! इथे स्पेलिंग वेगळं आहे! हे वाजवायचं प्लेड नाही, हे प्लॅड! चौकड्यांचं कापड!"

दातारांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच!

"म्हणजे चेक्स! मग सोपं आहे!"

स्टेशनबाहेरच्या पहिल्याच दुकानातून त्यांनी लाल-हिरव्या चौकड्यांचा शर्ट घेतला आणि दुसऱ्या दिवशी शेरवानी बाजूला ठेवून तोच चढवला. हॉलमध्ये शिरताना ते सापशिडीच्या पटासारखे दिसत होते! पाठोपाठ बॅगेत घातलेली पेटी घेऊन रश्मी. न जाणो, लागलीच तर!

दारात मोरॅगबाई उभ्या होत्या. विजेच्या खांबासारख्या उंच, ताठ.

"आणि तुमचं प्लेड?"

दातारांनी अभिमानानं छाती पुढे काढली.

"तो शर्ट आहे," मोरॅगबाई म्हणाल्या.

दातारांनी घाईघाईनं पेटीकडे बोट दाखवलं.

"ती बॅग आहे."

तेवढ्यात नऊवारी सावरत दिया धावत आली. "आजोबा! प्लेड म्हणजे शॉल! खूप मोठा शॉल! दोन्ही फॅमिलीनी आमच्या खांद्यावर टाकायचा असतो!"

शाल! मराठी मंडळानं दातारांना सत्कारात दिलेल्या अकरा शाली एजवेअरच्या कपाटात घड्या घालून पडल्या होत्या. कुणाला देऊ, कुणाला नको, असं झालं होतं! आणि ते चारशे मैल घेऊन आले होते पेटी!

रजिस्ट्रार घड्याळ बघत होती. पाहुणे माना वळवून बघत होते. दातारांना शर्टाच्या एखाद्या चौकडीत शिरून दडी मारावीशी वाटली.

"चुकलंच गं माझं," ते दियाला म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं."

मोरॅगबाईंना मराठी शब्द कळला नाही, पण म्हाताऱ्याचा चेहरा कळला. त्यांनी आपल्या खांद्यावरचं प्लेड सोडलं. त्यांच्या दिवंगत मेंढपाळ नवऱ्याचं, जाडंभरडं, चांगलं चार मीटर लांब. अर्धं त्यांनी नातवाच्या, कॅलमच्या, खांद्यावर टाकलं आणि उरलेलं टोक दातारांच्या हातात दिलं.

"एवढं तुमच्या घराचं," त्या म्हणाल्या. "घाला तिला."

दातारांनी ते दियाच्या खांद्यावर टाकलं. तरी हातभर कापड उरलंच. मोरॅगबाईंनी ते न विचारता दातारांच्याच मानेभोवती गुंडाळलं. मग रजिस्ट्रार बोलू लागली आणि दातारांचे डोळे वाहू लागले.

"आजोबा, तुम्ही रडतोय?" दिया कुजबुजली.

"छे गं! लोकर टोचतेय!"

आजोबा काय म्हणाले, ते मोरॅगबाईंनी दियाला खुणेनं विचारलं. तिनं इंग्रजीत सांगितलं. मोरॅगबाईंनी रुमालात फर्रकन नाक शिंकरलं.

"टोचतेच मेली!" त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस वर्षं आमच्या ह्यांना सांगत होते, दुसरं घ्या म्हणून!"