रायफल कोणाच्या हातची खाते

आमची रायफल दोन वेळा भाकरी खाते आणि ज्याच्या हातची खाते त्याच्यावर ती सुटत नाही. हे दुकानदाराने घेतानाच सांगितलं होतं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

आमचं गाव चंदगडाकडे, डोंगराला टेकून. लाल मातीत रताळी होतात आणि रताळ्यांमागून रानडुकरं येतात. मी सारा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढला. काट्यावर बसलेल्या माणसाचा पुढे कोणावरच विश्वास राहत नाही, आणि राहूही नये. सख्ख्या भावाची उसाची गाडी मी एकदा परत मागे घ्यायला लावून पुन्हा तोलली होती. वजन बरोबर निघालं, तो वर्षभर बोलला नाही, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. निवृत्त होऊन शेतात उतरलो तर पहिलंच पीक डुकरांनी उकरून नेलं. मग शेतीसंरक्षणाचा परवाना काढला आणि गडहिंग्लजला बंदुकीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

"परवडणारी दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार मुजावरशेठ म्हणून होते. त्यांनी अगदी खालच्या फळीवरून एक काढली. "ही घ्या. अर्धस्वयंचलित. अर्धं काम ती करते, अर्धं तुम्ही. काडतुसं विकत आणायला नकोत. खाल्लेल्याची गोळी रात्रीतून तिची ती तयार करते, चढवते ती, रिकामी पुंगळी टाकते ती. तुम्ही नेम धरायचा आणि घोडा ओढायचा."

"म्हणून स्वस्त?"

"म्हणून, आणि हिला खटका नाही. महागातल्या रायफलीला सुरक्षेचा खटका असतो, हिला ओळख असते. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्यावर तुम्ही घोडा मोडेपर्यंत ओढलात तरी सुटणार नाही. ओळख नसेल त्याच्याकडे मात्र तोंड करून राहते. तो तिच्या अर्ध्या कामाचाच भाग आहे."

"खाते काय?"

"तुमच्या घरी शिजतं ते. नाचण्याची भाकरी उत्तम. भात घालू नका, गोळी जवळच पडते."

यात काही लपवलंय का, असं मी त्यांना फिरून फिरून विचारलं. ते प्रत्येक वेळी नाही म्हणाले. इतक्या वेळा नाही म्हणणारा माणूस मला बरा वाटत नाही, पण रायफल घेतली.

घरी आणल्यावर माझी बायको गौरा हिने तिला हातात घेऊन वर-खाली बघितलं.

"हिला ठेवायची कुटं?"

"माजघरात. माझ्या बाकड्याच्या मागं खुंटी आहे तिथं."

"आनि खायाला कोन घालनार?"

"म्हशीला कोण घालतं?"

"मी."

"मग झालं तर."

 सकाळी आणि दिवेलागणीला ती भाकरीचे तुकडे करून, वर जरा कालवण ओतून रायफलीला भरवायची. मी बाकड्यावर बसून लक्ष ठेवायचो. रायफल माझ्या डोक्यावरून दाराकडे तोंड करून असायची. येणाराजाणारा जरा बाजूला सरकून आत यायचा. मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. काट्यावर असताना जो मान होता तो परत आल्यासारखं झालं.

तिच्यात थोडे बदलही करून घेतले. खांद्याला टेकवायचा दस्ता कोणा उंच माणसाच्या मापाचा होता, तो पांडबा सुताराकडून तासून घेतला. त्याने फणसाचं लाकूड जोडून मागे उशीसारखी गोलाई दिली. पट्टा जुन्या दप्तराचा लावला. गौराने पावसाळ्यासाठी घोंगडीची खोळ शिवली आणि तिला दोन्हीकडून नाड्या लावल्या. मी बाजारातून एक हलक्यातली दुर्बीण आणून वर बसवली होती, पण ती बसवल्यापासून रायफलीने अन्न सोडलं. काढल्यावर जेवली. तिला कोणी लांबून न्याहाळलेलं आवडत नसावं, असं गौरा म्हणाली. मला ते माझ्यावर बोललेलं वाटलं.

श्रावणात डुकरं आली. मी बांधावर बसून दोन बार काढले, कळप ओरडत ओढ्यापलीकडे गेला. गावात नाव झालं. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

भाद्रपदात डुकरं पुन्हा आली. चांगला उजेड होता. एक मोठा नर माझ्यासमोर वेल उपटत उभा होता, इतक्या जवळ की त्याच्या कानावरची गोचीड दिसावी. मी नेम धरला, घोडा ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. डुकराने माझ्याकडे बघितलं, रताळं तोंडात धरलं आणि सावकाश पुढच्या सरीत गेलं.

रायफल बिघडली असेल म्हणून मी आकाशात नेम धरला, तर बार लगेच निघाला. म्हणजे बिघडली नव्हती.  रायफल माझ्या नावावर, आणि ती कोणावर सुटेल हे मला माहीत नाही. याचा अर्थ माझ्यामागे तिला कोणीतरी काहीतरी भरवत होतं.

त्या दिवसापासून मी तिचं वजन करू लागलो. कारखान्यातून निघताना मला एक ताणकाटा भेट मिळाला होता. सकाळी गौराने भरवण्याआधी एकदा, भरवल्यावर एकदा आणि दुपारी शेतावरून आल्यावर एकदा, असं मी तिला काट्याला अडकवायचो. दुपारचं वजन सकाळी भरवल्यानंतरच्या वजनापेक्षाही जास्त भरायचं. एकदा नळीच्या तोंडाला मुंग्या लागलेल्या दिसल्या. बोट फिरवून चाखलं तर गूळ. आमच्या घरात त्या आठवड्यात गूळ संपलेला होता.

मी सरळ सटुप्पाकडे गेलो. सटुप्पा नाईक आमचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्याचा बांध दर वर्षी माझ्या शेतात थोडा सरकतो, असं माझं मत आहे. तो अंगणात वेल सोडवत बसला होता.

"सटुप्पा, माझ्या रायफलीला तू गूळ घातलास?"

"घातला की," तो म्हणाला. हातातलं काम थांबवलं नाही.

"कशासाठी?"

"काका, तुमी मानसाकडं कसं बघता ठावं हाय न्हवं? आदी नुसतंच बघत हुता. आता मागं रायफल बी बघती. मग मानसानं काय करायचं? मलिदा केला, नेऊन भरवला. गप खाल्ला बिचारीनं."

"चोरून?"

"चोरून कशाला? काकी घरातच हुत्या. त्यांनीच खोळ काडून दिली."

"आणखी कोण कोण भरवून गेलं?"

सटुप्पाने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "कोन ऱ्हायलंय ते इचारा, ते सोपं पडंल."

मी तडक घरी आलो. गौरा चुलीपुढे होती. मी बाकड्यावर बसून तिला म्हटलं, "गाव आपल्या घरात येऊन रायफल फितवून जातंय आणि तू खोळ काढून देतेस."

"फितवायचं काय त्यात? मानसं भ्याली हुती. घास घालून निवांत झाली."

"आणि डुकरं? डुकरांना पण तूच बोलावलंस का भरवायला?"

तिने तवा उतरवला. "डुकरांनी दात लावून टाकलेली रताळी मी गोळा करून आनत हुती. टाकायची कशाला म्हनून चांगला भाग कापून म्हशीला घालायची. म्हशीला जास्ती झाली की हिला. आवडीनं खायची."

म्हणजे रायफलीने डुकरांचं उष्टं खाल्लं होतं. डुकरांनी टाकलं, तिने घेतलं. दुकानदाराच्या नियमात हे कसं बसतं याचा मी बराच विचार केला, आणि ते बरोबर बसत होतं. तिच्या बाजूने ती प्रामाणिक होती. रताळ्यांवर त्या वर्षापुरतं पाणी सोडलं आणि निदान माणसांचा तरी हिशेब लागावा म्हणून खंडेनवमीची वाट बघत बसलो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि नैवेद्य दाखवतात. रायफल मध्यभागी मांडली. माझा बेत साधा होता. पुजेच्या निमित्ताने सगळं गाव येईल; जो येणार नाही त्याच्या मनात काळंबेरं आहे असं समजायचं आणि त्याच्यावर नजर ठेवायची.

तर सगळे आले. पुरणपोळी, वडे, खीर, ज्याच्या घरी जे झालं होतं ते घेऊन आले. हत्यारापुढे नैवेद्य नुसता दाखवायचा असतो, पण आमची रायफल समोर आलेलं खाते. तिने सगळ्यांचं खाल्लं. ज्यांनी चोरून भरवलं होतं त्यांनी आता राजरोस भरवलं. सटुप्पाची म्हातारी आई दोघांच्या आधाराने आली आणि तिने सांज्याचा घास घातला. परवाने तपासायला म्हणून हवालदार देसाई आले होते, त्यांनीही टोपी काढून एक वडा दिला.

"गाव एकोप्याचं आहे तुमचं," ते मला म्हणाले.

 मी रायफलीकडे बघत होतो. प्रत्येक घासाला तिचं तोंड त्या माणसावरून ढळत होतं आणि बाजूच्या माणसाकडे वळत होतं. शेवटच्या माणसाने घास दिला तशी ती पाटावर हळूच फिरली आणि माझ्याकडे तोंड करून थांबली.

मी खांबाच्या डावीकडे सरकलो. तीही सरकली. मी उजवीकडे आलो. मागून कोणीतरी "शिवशिव" म्हणालं. तेव्हा मला बाकड्याची गोष्ट उमजली. इतके महिने ती दाराकडे बघते असं मी समजत होतो. दार आणि ती यांच्या मध्ये माझं डोकं होतं.

"गौरा, भाकरी दे," मी म्हटलं.

तिने चतकोर दिली. मी रायफलीच्या पुढे धरली. तिने तोंड उघडलं नाही. मी जरा मऊ आवाजात "खा" म्हटलं. असा आवाज मी कधी काढत नाही, त्यामुळे तो मलाच परका वाटला.

"पोट भरलं असंल तिचं," सटुप्पा म्हणाला.

"ती वळखीच्या मानसाच्या हातचं खाती," गौरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी हवालदारांना बाजूला घेतलं. "ही तुमच्याकडे जमा करून घ्या."

"जमा निवडणूक लागली की होतात. त्याआधी हत्यार परवानाधारकाच्या ताब्यात राहिलं पाहिजे."

"ती माझ्यावर रोखलेली आहे."

"पण तुमच्या ताब्यात आहे ना?"

"ताब्यात आहे."

"मग बेकायदा काही नाही," देसाई म्हणाले. "आणि घोडा ओढल्याशिवाय ती सुटत नाही. घोडा ओढायला माणूस लागतो. तुमच्यावर घोडा ओढेल असं कोणी आहे का गावात?"

मी अंगणात नजर फिरवली. सगळे द्रोणातली खीर खात होते. भाऊ होता, पांडबा होता, सटुप्पा होता. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. रायफलीचं अर्धं काम पूर्ण झालेलं होतं. उरलेलं अर्धं या अंगणात कोणाकडे असेल, ते मला वजनकाट्यावरही कळलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला नुसती भीती वाटली. संशय असला की करायला काहीतरी असतं, भीतीत काहीच नसतं.

तेव्हापासून माझी भाकरी मी थापतो आणि रोज सकाळी तिचा एक तुकडा रायफलीपुढे धरतो. पहिल्या भाकऱ्यांना नकाशासारखे काठ यायचे, आता बऱ्या येतात. गौरा बाजूला बसून पीठ मळताना पाणी किती ते सांगते. जेवायला बसताना मी तिच्या मागे बसतो, कारण तिच्यावर रायफल सुटणार नाही. तिला एवढं मागे वळून ताटात वाढायला अडचण होते, तरी वाढते. लोक पूर्वीसारखे येतात, आता बाजूला सरकत नाहीत. सटुप्पाने यंदा बांध सरळ आखला, माझ्या बाजूला बोटभर जास्तच सोडून. का सोडला असेल, याचा मी अजून विचार करतो आहे.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे तुकडा पुढे धरला आणि रायफलीने तोंड उघडलं. तुकडा आत गेला. खटकन आवाज झाला आणि तोंड मिटलं. तिचं तोंड माझ्या छातीवरून जरासं ढळलं, डाव्या खांद्याकडे. माझे डोळे भरून आले. गौराने ते बघितलं आणि उगाच म्हशीकडे निघून गेली.

ती गेल्यावर मी ताणकाटा काढला. रायफल अडकवली, काटा स्थिर होऊ दिला, डोळ्याच्या पातळीला आणून वाचला. मग परत वाचला. भरवण्याआधीच्या वजनापेक्षा ते नुसतं भाकरीच्या तुकड्याइतकं वाढलेलं नव्हतं. पुष्कळ जास्त वाढलं होतं, भरलेल्या गोळीएवढं. तो खटकन झालेला आवाज गोळी चढल्याचा असावा.

मी काटा खुंटीला लावला, रायफल जागेवर ठेवली आणि गौरा परत येईपर्यंत खांबाच्या मागे उभा राहिलो. ती आल्यावर तिच्या मागे बसून जेवलो.