विमानाच्या पेटीचं दुखणं

विमान तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ट्रक ड्रायव्हरने पेटीला सणसणीत लाथ घातली. रखमाजींच्या हयातीत हा हक्क फक्त रखमाजींचा होता.

"ओ ताई, उडायच्या आधीच पडून राह्यलं हे. इमान हाय का कोंबडी?"

रखमाजींच्या मुलीने, उषाने, त्याचा रुपया परत केला.

विमानाच्या व्हिडिओ गेमची माणसाएवढी उंच लाकडी पेटी, समोर काच, एक दांडा आणि दोन बटणं. औरंगाबादचं एक गेम पार्लर बुडालं तेव्हा रखमाजींनी म्हैस विकून ती वडीगोद्रीला आणली आणि रस्त्यावरच्या आपल्या हॉटेलात भट्टीशेजारी उभी केली. "म्हैस दूध तरी देत होती," हे त्यांच्या बायकोचं, सगुणाबाईंचं, वाक्य तेव्हापासून रोज एकदा व्हायचं. मार्गशीर्षात रखमाजी गेले. त्यानंतरही ते होत राहिलं, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

चैत्रात पेटीने दुखणं काढलं. चालू केली की विमान झोकात निघायचं, मग हॉटेलातला बल्ब मंदावायचा, चित्र भाजल्या पापडासारखं आक्रसायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"शनिवारी अंबडचा मच्छिंद्र येतोय भंगार न्यायला," सगुणाबाई म्हणाल्या. "तवर चालली तर चालली. न्हाई तर देते त्याला किलोवर."

"माय, थोडं थांब ना."

"का? त्यात काय तुझा बाप बसलाय?"

दादांची धोतरं वाटली, चपला वाटल्या, तेव्हा उषाने अडवलं नव्हतं. पण पेटी द्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. अंबडच्या शाळेतल्या नोकरीतून चार दिवसांची रजा काढून ती त्याचसाठी आली होती.

तिने चांदपाशाला बोलावलं. चांदपाशा म्हणजे अंबडचा रेडिओ-टीव्हीवाला आणि रखमाजींचा जुना दोस्त. त्याने मागची फळी काढली, मीटरच्या दोन्ही सुया प्लगात खुपसल्या आणि समाधानाने मान हलवली.

"दोनशे तीस. बिलकुल बराबर. लाईनचा दोष न्हाई, बेटा. पेटीचं काळीज कमजोर झालंय."

काळीज म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो बदलला. विमान पडलं. मग कंडेन्सर बदलले, तरी विमान पडलं. शेवटी पेटी टेम्पोत घालून अंबडला त्याच्या दुकानात नेली. तिथे ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालली, आणि चांदपाशाच्या दुकानात त्या दिवशी एकही रेडिओ दुरुस्त झाला नाही.

वडीगोद्रीला परत आणून लावली, विमान निघालं आणि पडलं.

"सासरी बरी अन् माहेरी आजारी!" सगुणाबाई म्हणाल्या. "नजर लागली असंल," असं म्हणून त्यांनी पेटीवरून मीठ-मिरच्या ओवाळून भट्टीत टाकल्या. गिऱ्हाइकं खोकत बाहेर पळाली. एक जण चहाचे पैसे न देताच पळाला.

शनिवारी मच्छिंद्र तराजू घेऊन हजर. त्याने पेटीला चार बाजूंनी टकटक केली.

"लाकूड कुजलंय. काच घेत न्हाई मी. लोखंडाचं बगू."

"जरा चहा तर घे, मच्छिंद्रभाऊ," उषा म्हणाली. त्याचा तिसरा कप चालू होता.

चांदपाशा घाम पुसत पेटीमागे बसला होता. इज्जतीचा प्रश्न होता. अचानक त्याने मान वर केली. "बेटा, पेटी चालू कर. मी चालू असताना मीटर लावतो."

विमान निघालं. मीटर दोनशे तीसवरून घसरत एकशे चाळीसवर आला.

"अरे अल्ला! बंद असताना शेर, कामाला लावलं की बकरी! लाईनच कमजोर हाय. ही दुसरी वायर जाते कुठं?"

दुसरी वायर खांबावर जायला हवी होती. ती भिंतीतल्या भोकातून मागे गेली. सगळे तिच्या मागोमाग गेले, मच्छिंद्र कपबशीसकट. वायर भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला गुंडाळलेली होती. सळईभोवती जमीन तडकून तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"खांबावरची एक तार तुटल्ती," सगुणाबाईंना आठवलं. "नव्या तारीचा अर्ज करायचा कटाळा. मंग ह्यांनी ही सळईच ठोकली. म्हणले, करंट जमिनीतून जातो परत, धरणी आपलीच हाय."

"जातो ना, पण वली असंल तर! कोरड्यात कसा जाईल? भाबी, इथं रोज पाणी कोण टाकत होतं?"

"कुणी न्हाई."

"याद करा. खारं पाणी असंल तर अजून बेस."

सगुणाबाईंनी सळईकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला. उषाला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या.

"रोज सकाळी धोतर सावरत इथंच उभे ऱ्हायचे तुझे दादा. किती शिव्या दिल्या मी! अन् त्यांचं बघून एष्टीची समदी गाडीच उतरायची इथं."

"मंग आता का उतरत न्हाई?" मच्छिंद्रने विचारलं.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ओळीने फरश्या बसवल्या होत्या: गणपती, साईबाबा, मक्का-मदिना आणि क्रूस. महिन्यापूर्वी उषाने स्वतःच्या पगारातून बसवल्या होत्या. दादांच्या हॉटेलामागे घाण नको म्हणून. कोणत्याही धर्माचा माणूस सुटू नये, याचीही तिने काळजी घेतली होती.

चांदपाशा खाकरला. "फरश्या छान हायेत, बेटा."

सगुणाबाई आत गेल्या आणि बादलीभर पाण्यात दोन मुठी मीठ घालून आल्या. ओतताना पुटपुटल्या, "जल्मात कधी मला एक हंडा भरून दिला न्हाई. आता मेल्यावर मीच भरते तुमच्यासाठी. प्या."

विमान उडालं. पडलं नाही. मच्छिंद्रने तराजू खाली ठेवला, खिशातून रुपया काढला आणि दांडा धरला. संध्याकाळी त्याला हाताला धरून पेटीपासून दूर करावं लागलं.

रविवारी सकाळी रजा संपवून निघण्याआधी उषाने नव्या तारेचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला.

"माय, यावर अंगठा दे. आठ दिवसांत तार येईल. मग तुला रोज बादली ओतायला नको."

"बघू," म्हणत सगुणाबाईंनी कागद घेतला, चौकोनी घडी घातली, भट्टीत सरकवला आणि फुंकर मारली.

"चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि मिठाचा डबा उचलून मागच्या दाराने बाहेर पडल्या.